फ्लेक्समागचा आडोसा

आपत्तीत वैद्यकीय मदतीला जाताना सगळ्यांत आधी काय बरोबर घ्यायचं, हा प्रश्न मी दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहायची. मुली ठरलेली उत्तरं द्यायच्या. सलाईन, बँडेज, स्ट्रेचर, टॉर्च. एखादी हुशार मुलगी ‘धीर’ म्हणायची. सगळ्यांची उत्तरं ऐकून झाली की मी खडूनं मोठ्या अक्षरांत लिहायची : शिस्त. मग दोन मिनिटं गप्प उभी राहायची, म्हणजे त्या शब्दाचं वजन पडावं. आता आठवलं की कान गरम होतात.

मी सोलापुरात नर्सिंगच्या मुलींना सत्तावीस वर्षं शिकवलं. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि वॉर्डात दम द्यायला दोन्ही. शेवटची दहा-बारा वर्षं मी आमच्या कॉलेजचं आपत्ती पथक चालवलं. पूर, आग, मोठा अपघात असं काही झालं की डॉक्टरांबरोबर जायचं आणि एरवी मुलींची तयारी करून घ्यायची, असं ते काम. दिवाळी अंकासाठी ‘अभिमानास्पद अनुभव’ लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी तीन दिवसांत एक लेख लिहूनही टाकला होता. तो वेगळा होता. त्यात मी फार चांगली दिसत होते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आपत्तीतलं वैद्यकीय काम म्हणजे रक्त, टाके आणि धावपळ. थोडं असतं तसं. एकदम शंभर जखमी आले तर कोणाला आधी बघायचं हे ठरवावं लागतं, म्हणून आम्ही प्रत्येकाच्या मनगटाला रंगाची पट्टी बांधतो. लाल म्हणजे ताबडतोब, पिवळी म्हणजे थोडं थांबेल, हिरवी म्हणजे चालत जाईल. काळी कोणाला, ते सांगायला नको. याची रंगीत तालीम दरवर्षी व्हायची. मुलांना कुंकू, बीट आणि कणीक लावून जखमी करायचं, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन, मग शिट्टी, आरडाओरडा, स्ट्रेचर, टाळ्या, चहा.

एका वर्षी आम्ही ही तालीम नवी पेठेच्या तोंडाशी घेतली, लोकांना दिसावी म्हणून. लोकांना आधी सांगायला मात्र विसरलो. काळी पट्टी बांधून पडलेल्या एका पोराची मावशी नेमकी लग्नाचं कापड घ्यायला आली होती. तिनं पिशव्या टाकल्या आणि असा हंबरडा फोडला की अर्धी पेठ गोळा झाली. पोरगं ताडकन उठून बसलं, “मावशी, मी हाय की गं जिता!” म्हणालं, आणि मी काय केलं असेल? त्याला ओरडले. मेलेल्यानं उठायचं नाही असा नियम होता. हा किस्सा मी पुढं कित्येक वर्षं हसत हसत सांगितला. त्या मावशीला रिक्षात बसवून पाणी कोणी पाजलं ते मला आठवत नाही. मी पाजलं नाही एवढं नक्की.

ते पाणी बहुधा लावण्यानं पाजलं असणार. तेव्हा ती दुसऱ्या वर्षाला होती. शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्या घरातली, तेलुगू बोलणारी, सडपातळ आणि भयंकर प्रश्न विचारणारी. “मॅडम, पट्टी बांधल्यावर नातेवाइकांना कोण सांगणार?” “मॅडम, आपल्या तालमीत सगळे जखमी पोरंच का असतात? म्हातारी का नाही? गरोदर बाई का नाही?” मी म्हणायची, “लावण्या, अभ्यासक्रमात आहे तेवढं आधी कर.” वर्ग हसायचा. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तिला एकच ध्यास होता. जगात कुठंही युद्ध, भूकंप, साथ असेल तिथं जाऊन काम करणाऱ्या वैद्यकीय संस्था असतात. तसल्या एका संस्थेत तिला नर्स म्हणून जायचं होतं. शिक्षण संपवून ती एका दवाखान्यात नोकरीला लागली तरी सुट्टीच्या दिवशी आमच्या पथकात येत राहिली, कारण तिथं जायला दोन वर्षांची नोकरी आणि असल्या कामाचा अनुभव लागतो. तयारी तर अशी, की बघणाऱ्याला हसू यावं. पाठीवर ओझं घेऊन चालता आलं पाहिजे म्हणून ती सॅकमध्ये घरच्या मागावरचे सुताचे कोन भरून सकाळी तळ्याभोवती फेऱ्या मारायची. चुलत्याच्या टेम्पोवर गाडी शिकली. सगळ्या लसी टोचून घेतल्या आणि त्याचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं. मला म्हणाली होती, “मॅडम, बाकी सगळं माझ्या हातात हाय. शेवटी एक पत्र तुमचं लागतंय.”

हे पत्र म्हणजे शिफारस. जिच्या हाताखाली काम केलं तिनं गुप्तपणे लिहून द्यायचं, की ही मुलगी संकटात कशी वागते. उमेदवाराला ते दाखवत नाहीत.

चार वर्षांपूर्वी नवरात्रात सीनेला पूर आला. करमाळा तालुक्यातलं, नदीकाठचं एक गाव निम्मं पाण्यात गेलं आणि लोकांना टेकावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आणून ठेवलं. आम्ही पहाटे निघालो. एक डॉक्टर, मी, सहा विद्यार्थिनी आणि रजा काढून आलेली लावण्या. गाडीत औषधांच्या पेट्या, ड्रेसिंगचं सामान, आणि गुंडाळलेला फ्लेक्स.

त्या फ्लेक्सबद्दल सांगायलाच हवं. आपल्याकडं फ्लेक्सशिवाय बारसं होत नाही, तर आपत्ती कशी होणार? सहा फूट उंच, दहा फूट लांब. ‘आपत्ती वैद्यकीय मदत पथक’ अशी लाल अक्षरं, डावीकडं डॉक्टरांचा फोटो, उजवीकडं माझा. हात जोडलेला. फोटोसाठी मी मुद्दाम नवी इरकल नेसले होते. शाळेत पोचल्यावर पहिल्यांदा काय उतरवलं असेल तर तो फ्लेक्स. फाटकावर बांधून घेतला, दोनदा सरळ करायला लावला, मग पेट्या उतरल्या.

मी टेबलं लावली. पहिलं नोंदणीचं, दुसरं तपासणीचं, तिसरं औषधांचं. दोऱ्या बांधून रांग केली. औषधांच्या टेबलावर लावण्याला बसवलं आणि सांगितलं, “जागा सोडायची नाही.” तासाभरात सगळं इतकं छान चाललं होतं, की मीच बाजूला उभी राहून बघत होते. पायाला कापलेलं, सर्दी-खोकला, बीपीची गोळी वाहून गेली, साप चावल्याची नुसतीच भीती. रांग पुढं सरकत होती. लोक म्हणत होते, “बाईंची लई शिस्त हाय.”

रांगेत मंगल नावाची एक पोरगी आली. बावीस-तेवीस वर्षांची, सातवा महिना. मागं सासरा उभा होता, त्याच्यामागं गावातले आणखी दहा पुरुष.

“काय होतंय?”

“पोटात दुखतंय जरा.”

“बाळ फिरतंय ना?”

“व्हय.”

“जेवलीस?”

तिनं सासऱ्याकडं बघितलं, खाली बघितलं. मी नोंद केली, पोटदुखी. डॉक्टरांकडं न पाठवताच पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या माणसाला बोलावलं. तिचे ओठ कोरडे पडले होते. थर्मामीटर माझ्या एप्रनच्या खिशात होता.

थोड्या वेळानं लावण्या माझ्याजवळ आली. “मॅडम, बायका पाणीच पीत नाहीत की. मिठासाखरेच्या पाण्याची पाकिटं दिली तर पोरांनाच पाजतायत. मी विचारलं. जायला जागा नाही म्हणतात.”

जागा नव्हती हे खरं होतं. शाळेला दोन संडास होते, त्यांत पुराचं पाणी उलटं येऊन तुंबलं होतं. पुरुष टेकाच्या उतारावर जात होते. बायकांना चहूबाजूंनी उघडं माळरान, वर पुरुष व्हरांड्यात बसलेले. तीन दिवस त्या अंधार पडायची वाट बघत होत्या, आणि वाट बघावी लागू नये म्हणून पाणी पीत नव्हत्या. दिवस दिवस लघवी अडवून ठेवली आणि पाणी प्यायलं नाही, की जंतुसंसर्ग होतो, ताप येतो. गरोदर बाईला झाला तर वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. छावणीत संडास कुठं खणायचे, पाण्यापासून किती लांब, बायकांचे वेगळे का, आडोसा कसा करायचा, यावर आमच्या पुस्तकात अख्खा धडा होता. तो धडा मी दरवर्षी “घरी वाचून घ्या, दोन मार्कांना येतो” म्हणून सोडून द्यायची. संडास हा शब्दसुद्धा मी वर्गात काढत नसे, ‘प्रसाधनगृह’ म्हणायची. खणणं, झाडणं, घाण काढणं हे आपलं काम नव्हे, ते करणारी माणसं वेगळी, असं मी कधी बोलून दाखवलं नाही. पण माझ्या मनात ते घट्ट होतं, आणि ते कुठून आलं होतं तेही मला ठाऊक आहे.

मी लावण्याला म्हणाले, “सरपंचांच्या कानावर घालते. तू टेबलावर जा. दुपारी तहसीलदार साहेब पाहणीला येणार आहेत, त्याआधी रांग संपली पाहिजे.”

ती गेली. अर्ध्या तासानं पुन्हा आली. तेच बोलली. मी म्हणाले, “एकदा सांगितलेलं कळत नाही का?”

तिसऱ्यांदा ती आली नाही. तिनं औषधांचं टेबल एका विद्यार्थिनीकडं दिलं आणि न विचारता उठून गेली. हे मला कळलं तेव्हा साहेबांची गाडी फाटकात आली होती. मी पदर नीट करून पुढं झाले. साहेब उतरले, नमस्कार झाले. बरोबरच्या फोटोग्राफरनं विचारलं, “मॅडम, तुमचं पथक कुठलं? बोर्ड दिसत नाही.” मी वर बघितलं तर फाटकावर नुसत्या दोऱ्या लोंबत होत्या.

फ्लेक्स शाळेच्या मागं सापडला. तिथं लावण्या आणि गावातल्या दोन बायका कमरेला पदर खोचून उभ्या होत्या. कोणाचं तरी फावडं आणून मुरमात गुडघाभर खोल, लांबट चर खणला होता. चार बांबू रोवून तीन बाजूंनी मदतीत आलेल्या सोलापुरी चादरी बांधल्या होत्या. चौथ्या बाजूला, दाराच्या जागी, आमचा फ्लेक्स. शेजारी चुलीच्या राखेची बादली आणि पाण्याची बादली. पन्नास-साठ बायकांची ओळ लागली होती. त्या हसत होत्या. सकाळपासून त्या गावातल्या बायकांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. ओळीतली एक म्हातारी माझ्याकडं बघून, मग फ्लेक्सकडं बघून म्हणाली, “ह्या बाई हितं बी राखणीला हायत की!”

सगळ्या खदखदून हसल्या. मी हात जोडून संडासाच्या दारात उभी होते, चार रंगांत.

मी लावण्याला तिथंच, सगळ्यांसमोर झापलं. काय काय बोलले ते लिहीत नाही. “अक्कल गहाण टाकलीस का?” हे त्यातल्या त्यात सौम्य. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “मॅडम, त्या मंगलला तपासा. अंग भाजतंय तिचं. आत्ता मोकळं बोलली ती माझ्याशी. लघवीला आग होतीय, आणि कंबरेत कळा येतायत सकाळपासून.”

मंगलला एकशे दोनच्या वर ताप होता. डॉक्टरांनी तपासलं, सलाईन लावलं आणि साहेबांच्याच गाडीतून तिला बार्शीला पाठवलं. बरोबर लावण्या गेली. कळा थांबल्या. पंधरा दिवसांनी घरी सोडलं, पुढं दिवस भरून बाळंत झाली असं कळलं. बार्शीच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, आणखी एक दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं.

पेपरात छापून आलं, ‘पथकाच्या तत्परतेमुळे गर्भवती वाचली’. आमच्या भागातल्या एका मंडळानं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि मी पाच मिनिटं बोलले. शिस्तीवर बोलले. लावण्या मागच्या रांगेत बसली होती, टाळ्या वाजवत.

चार महिन्यांनी त्या संस्थेकडून मला ईमेल आली. लावण्यानं अर्ज केला होता, प्राथमिक मुलाखतीत पास झाली होती, आता माझं मत हवं होतं. संकटात सूचना पाळते का? साधनसामग्रीची जबाबदारी घेते का? तुम्ही हिची शिफारस कराल का?

मी काय लिहिलं ते मला शब्दन्शब्द पाठ आहे. उमेदवार मेहनती आहे, परंतु नेमून दिलेली जागा परवानगीशिवाय सोडते. पथकाच्या साहित्याचा अयोग्य वापर करते. वरिष्ठांशी समन्वय कमी. शेवटच्या चौकोनात, ‘सध्या शिफारस करता येत नाही.’ यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. जागा सोडली होती, साहित्य वापरलं होतं. माझ्यासारख्या माणसांना खोटं बोलावं लागत नाही, खऱ्या गोष्टी निवडून लिहिल्या की काम होतं. पाठवायचं बटण दाबताना मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. म्हातारीचं ते हसणं कानातून गेल्यासारखं झालं.

लावण्याची निवड झाली नाही. ती मला भेटायला आली. कँटीनमध्ये आम्ही चहा घेतला. ती रडली नाही, पण बशीत सांडलेला चहा बोटानं पसरवत बसली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “धीर धर. पुढच्या वेळी होईल.” हा हात मी अजून विसरू शकत नाही.

मग मी निवृत्त झाले. आणि या वर्षी अंकासाठी लेख लिहायला बसले, तर साहजिकच मंगलची हकीकत लिहिली. ‘माझ्या अनुभवी नजरेनं ताबडतोब ओळखलं’ असं एक वाक्य लिहिलं, आणि तिथं पेन अडलं. पुढचं लिहून पूर्ण केलं मी, सांगितलंच की तीन दिवसांत लेख झाला. पण पाकीट पोस्टात पडेना. आठवडाभर ते टीव्हीच्या टेबलावर होतं आणि मी येता-जाता त्याच्याकडं बघत नव्हते. शेवटी फाडलं. रिक्षा केली आणि पूर्व भागात लावण्याचं घर शोधत गेले.

बोळात दोन्हीकडं मागांचा खडखडाट. बाहेरच्या खोलीत तिची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. “कूर्चोंडी, बसा बसा,” म्हणाली आणि लावण्याला हाक मारली. लावण्याची त्या दिवशी दुपारची ड्यूटी होती. आता ती त्याच दवाखान्यात अतिदक्षता विभागाची इन्चार्ज आहे. मला बघून तिला इतका आनंद झाला, की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

मी सांगितलं. बसल्या बसल्या, पाण्याचा ग्लास हातात धरून, सगळं सांगितलं. पत्रातली वाक्यंही सांगितली.

ती म्हणाली, “मला वाटलं होतं माझं इंग्रजी कमी पडलं.”

मी ग्लास खाली ठेवला.

“दोन वर्षं क्लास लावला मी मॅडम. ड्यूटीवरून सुटलं की तिकडं. घरात मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून गच्चीत बसून पाठ करायची. पुन्हा अर्ज करायचं धाडसच झालं नाही. वाटायचं, अजून थोडं सुधारू दे.” ती जराशी हसली. “आता चांगलं येतंय की.”

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या, तेवढी तयारी करून गेले होते. ती रडली असती तर तिला जवळ घेतलं असतं. यातलं काहीच तिनं केलं नाही, आणि मी खुर्चीत तशीच अवघडून बसले.

“माफ कर म्हणायलाही तोंड नाही मला,” मी म्हणाले.

“मग नका म्हणू,” ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. “पत्र लिहा. पुढच्या महिन्यात पुन्हा अर्ज घेणार हायत. तुमचं जुनं पत्र त्यांच्याकडं असणारच. ते खोडून निघेल असं लिहा.”

मी घरी येऊन पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं. सूचना मिळण्याआधी गरज ओळखते. उपलब्ध साहित्याचा कल्पक वापर करते. तिनं उभारलेल्या सोयीमुळे छावणीतल्या स्त्रियांचं आरोग्य राखलं गेलं आणि एका गरोदर स्त्रीचा गंभीर आजार वेळेत लक्षात आला. माझं पूर्वीचं मत एकांगी होतं, याचा मला खेद आहे. चांगलं झालं होतं पत्र. मलाच आवडलं.

दोन दिवसांनी ते घेऊन तिच्याकडं गेले. अशी पत्रं उमेदवाराला दाखवत नाहीत, पण एकदा न दाखवता काय लिहिलं होतं ते माझ्यासमोर होतं. तिनं उभ्या उभ्या वाचलं. पेन घेऊन इंग्रजीच्या दोन चुका दुरुस्त केल्या. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

“छावणीतल्या स्त्रिया लिहिलंय. कुठल्या स्त्रिया?”

“त्या गावातल्या. पूरग्रस्त.”

तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. “तुम्ही पण आला होता की, मॅडम.”

वाचकहो, ही गोष्ट मी वर लिहिताना गाळली आहे. दोन ठिकाणी लिहायची संधी होती, दोन्ही ठिकाणी पुढं सरकले. त्या दिवशी मी पहाटे पाचला घर सोडलं होतं आणि आमच्या पिढीच्या नर्सेसना असते त्या सवयीनं सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. सगळ्या जणी पाणी का पीत नाहीत हे मला लावण्यानं सांगावं लागलं, आणि मी स्वतः त्याच कारणानं पीत नव्हते. तिला झापून झाल्यावर, मंगलला गाडीत बसवायची गडबड चालू असताना, मी त्या ओळीत जाऊन उभी राहिले. बायकांनी मला पुढं जाऊ दिलं. आत गेले तेव्हा वाऱ्यानं फ्लेक्स उडत होता. बाहेरून कोणीतरी त्याचं टोक घट्ट धरून ठेवलं. उन्हात मागच्या बाजूनं माझाच चेहरा फिकट, उलटा दिसत होता. मी बाहेर आले तेव्हा टोक धरून उभी असलेली लावण्या होती. मी तिच्याकडं न बघता पुढं निघून गेले. चार महिन्यांनी तिच्याविरुद्ध लिहिलं, की साहित्याचा अयोग्य वापर करते.

तिनं पत्र आणि पेन माझ्यापुढं धरलं. म्हणाली, “तेवढं लिहिलंत तर ते लोक मानतील. बाकीचं नुसतं कौतुक हाय. कौतुक सगळेच लिहितात.”

आंतरराष्ट्रीय संस्थेतल्या अनोळखी माणसांना हे कसं लिहायचं? मी म्हणाले, “लावण्या, ते बरं दिसत नाही गं.”

“नाहीच दिसत,” ती म्हणाली, आणि पेन तसंच धरून उभी राहिली.

मी लिहिलं. सहीच्या वर, हातानं, तीन ओळी. त्या सोयीचा उपयोग करणाऱ्या स्त्रियांमध्ये मीही होते. त्या वेळी आडोसा धरून ही मुलगीच बाहेर उभी होती. हे ठाऊक असूनही, केवळ माझा अपमान झाला असं वाटल्यामुळे, मी हिच्याविरुद्ध लिहिलं.

लावण्यानं कागद हातात घेतला, एकदा मनात वाचला. तिची आई खाली बसून विड्या वळत आमच्याकडं पाहत होती. कसला कागद, असं तिनं तेलुगूत विचारलं असावं. लावण्या पत्र सुरुवातीपासून तिला तेलुगूत सांगू लागली. मला तेलुगू येत नाही. पानांचा, दोऱ्याचा आवाज चालू होता, सुपात विड्यांची रास वाढत होती. लावण्या शेवटाकडं आली, आवाज थोडा हळू झाला, आणि कुठल्या ओळी चालल्या आहेत ते मला कळलं. तिच्या आईचे हात थांबले होते, आणि ती माझ्याकडं बघत होती.